तेविसावी लादी

आमच्या गावात नव्या घराच्या वास्तुशांतीला भटजी आधी पोचतात की साहेब, यावर घरमालकाचा तो सगळा दिवस ठरायचा. भटजी आधी आले तर निदान पूजा तरी सुखात पार पडायची. साहेब आधी आले की संपलंच. दाराबाहेर चपला काढायच्या, अनवाणी आत यायचं, यजमानाला रीतसर नमस्कार करायचा आणि पहिल्याच लादीवर काठी टेकवायची. ठक. पुढची लादी. ठक. तिसरी. ठब. 'ठब' आलं की साहेब थांबायचे. खिशातून खडूचा तुकडा काढायचे, गुडघ्यावर हात टेकून वाकायचे आणि त्या लादीवर वाटीएवढा गोल काढायचे. मग पुढची लादी. पाहुणे पाय आखडून भिंतीला चिकटायचे. यजमानीण आरतीचं ताट हातात धरून ताटकळायची. शेवटची लादी झाली की साहेब सरळ उभे राहायचे आणि निकाल द्यायचे, "एकशेबारा लाद्या. भरीव एकशेतीन. पोकळ नऊ." एवढं झालं की मांडी घालून जेवायला बसायचे आणि दोनदा भात मागून घ्यायचे.

घर चांगलं आहे का वाईट, हे ते कधीच बोलायचे नाहीत. फक्त आकडा.

गावातल्या एका पेंडवाल्यानं बंगला बांधला, तेव्हा दिवाणखान्यात इटलीचा मार्बल घातला होता. इटलीचा, इटलीचा म्हणून त्यानं आठ दिवस आमचे कान किटवले. साहेबांनी काठी टेकली. ठब.

"साहेब, इटलीचा आहे तो," पेंडवाला म्हणाला.

"वरचा इटलीचा असंल," साहेब म्हणाले, "पण खालची हवा आपल्या गावचीच हाय."

त्यानंतर लोकांनी त्यांना वास्तुशांतीला बोलावणंच सोडलं. काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दारात हजर. "काल यायला जमलं नाय. नोंद राह्यली."

हे साहेब कुठल्या कचेरीचे साहेब नव्हते बरं का. शेणव्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथं माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. उभी नोकरी घाटापलीकडच्या एका धरणावर. काम काय, तर धरणाच्या पोटात बोगदा असतो, त्यात रोज उतरायचं आणि भिंतीतून पाझरणारं पाणी मोजून वहीत लिहायचं. तिथल्या खऱ्या साहेबांनी त्यांना कधी बसा म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पण निवृत्त होऊन गावी आले ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात पितळी टोपणाची काठी अशा थाटात. तीस वर्षं बोगद्यात राहून रंग पण उजळलेला. गावानं बघितलं आणि पहिल्याच दिवशी बढती देऊन टाकली.

"धरण गळतं?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकून विचारलं होतं.

"सगळीच गळतात," साहेब शांतपणे म्हणाले. "गळतं त्याचं काय नाय. किती गळतं ते आपल्याला ठावं पायजे. वहीत शून्य दिसलं काय मी समजायचो, मोजणारा आज खाली उतरलाच नाय."

तिथं एकदा एक नवा अधिकारी आला होता. त्याला वहीतला आकडा जरा जड वाटला. म्हणाला, थोडा बेतानं लिहीत जा. साहेबांनी वही त्याच्यापुढे सरकवली, खिशातलं पेन काढून टोपण उघडून दिलं आणि म्हणाले, "तुमी लिवा. मंग खाली सही पण तुमीच करा." अधिकाऱ्यानं पेन काही घेतलं नाही. हा किस्सा साहेब वर्षातून दोनदा सांगायचे आणि दर वेळी शेवट तोच. "सहीशिवाय नोंद म्हणजे पोरानं भिंतीवर मारलेली रेघ. तिला कोण विचारतंय?"

गावी आल्यावर मोजायला धरण उरलं नाही, म्हणून त्यांनी घरं धरली. लाल पुठ्ठ्याची एक वही केली. प्रत्येक घराला एक पान. तारीख, लाद्या किती, भरीव किती, पोकळ किती, आणि खाली सही. सही अशी ऐटदार, की नेम धरून मारल्यासारखी.

ठोकण्याची सवय लाद्यांवर थांबली नाही. कलिंगड, नारळ, कणगी, एस्टीचा पत्रा, सगळ्यांची तपासणी व्हायची. माणसांची सुद्धा. निवडणुकीत एक उमेदवार आमच्या पारावर पाऊण तास बोलला. साहेब पहिल्या रांगेत. भाषण संपलं, टाळ्या थांबल्या, आणि साहेब शेजाऱ्याला सांगितल्यासारखं सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोकळ." काकी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायची. "मी मेल्यावर मना पण काठी लावून बघतील, आन् मंगच उचलतील," असं ती पाणवठ्यावर सांगायची.

माझ्या मुलीला मुरबाडकडचं स्थळ आलं, तेव्हा मुलगा बघायला मी साहेबांना मुद्दाम बरोबर नेलं. परत येताना एस्टीत मी विचारलं, "कसा वाटला?" खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "भरीव." त्या एका शब्दावर मी सुपारी फोडली, हे मी आजवर बायकोला सांगितलेलं नाही.

लग्न ठरलं आणि बायकोनं घरातल्या कोब्यावर दात धरला. "मुरबाडची माणसं उष्टी हळद घेऊन येनार, त्यांना ह्या काळ्या कोब्यावर बसवू?" झालं. लाद्या बसवायच्या ठरल्या. मिस्त्री आणला आत्यानं. माझी आत्या धसईची. जाडजूड बाई, पहाडी आवाज. पंचक्रोशीतल्या हळदीची गाणी तिच्यावाचून उठत नाहीत. "आमच्या बाजूचा पोरगा हाय, डोंगराकडच्या पाड्यावरचा," ती म्हणाली. "कल्याणला टावरात काम केलंय त्यानं. हात बग त्याचा."

हात होता खरा. तीन दिवसांत मधल्या खोलीत अठ्ठेचाळीस लाद्या बसल्या. दोन बाय दोनच्या, दुधासारख्या. फटीत पांढरं सिमेंट इतकं नेटकं, की बायको खाली बसून नुसती बघत राहिली. मी मात्र दुसऱ्याच काळजीत होतो. साहेबांना हे घर दाखवायचं नाही, निदान लग्न होईपर्यंत तरी नाही, असा माझा निश्चय होता. आकडा ऐकायची माझी छाती नव्हती.

पहिल्या दिवशी सांगितलं, लाद्या ओल्या आहेत. चौथ्या दिवशी सांगितलं, घरात बायकांचं पापडाचं काम चाललंय. आठव्या दिवशी साहेब फाटकाशी दिसले आणि काहीच सुचेना, तेव्हा लांबच्या चुलत्याचं सुतक माझ्या तोंडातून निघणारच होतं. बायकोनं मागून असा चिमटा काढला की सुतक घशातच राहिलं. लग्नघरात सुतक!

हळदीला तीन दिवस राहिले. बायको साड्यांसाठी शहापूरला गेलेली. मी एकटाच. साहेब दारात. चपला आधीच काढलेल्या.

"पत्रिका दिलीस," ते म्हणाले, "घर नाय दाखवलंस."

आणि काठी टेकली. ठब. दुसरी. ठब. तिसरी. ठब. मी देवाचं नाव घेतलं. चौथी ठक निघाली, पाचवी पुन्हा ठब. संपूर्ण खोली झाल्यावर साहेबांनी वही उघडली. "अठ्ठेचाळीस. भरीव सतरा. पोकळ एकतीस." माझ्या दुधासारख्या जमिनीवर एकतीस गोल उठले होते. देवीचे फोड उठावेत तसे.

एकतीस हा आकडा मला परवडणारा नव्हता, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे हळद घरात कुटतात. मांडव दारात, पण उखळ मधल्या खोलीत. उखळात हळकुंडं घालायची, मुसळांना आंब्याची पानं बांधायची, पाच सवाष्णींनी उभ्यानं कुटायचं आणि बाकीच्यांनी गायचं. मुसळं लाकडी, पण बुडाला वसवी, म्हणजे लोखंडी कडं. आणि आत्याचा एक नियम आहे. लग्नघरात कपबशा फुटतात, काचा फुटतात, त्याचं काही नाही. पण हळदीच्या मुसळानं हळकुंडाबिगर दुसरं काही फुटलं, तर नवरीच्या संसाराला तडा. कुठल्याशा गावात मुसळ निसटून जात्याची पाळी फुटली आणि ती पोरगी वर्षाच्या आत माहेरी परत आली, हे आत्या प्रत्येक हळदीत सांगते. माझा विश्वास आहे का? नाही. पण मुरबाडच्या पाच बायका समोर बसलेल्या असताना लादी फुटली, तर माझ्या विश्वासाला कोण विचारतो? माझ्या पोरीला ते शब्द सासरी जन्मभर ऐकावे लागले असते.

मी मिस्त्रीला फोन केला. दोन तासांत तो मोटारसायकलवर आला. गोल बघून हसला. "काका, टाइल्स वाजतेच. नवीन हाय, बोलंल थोडे दिवस."

मी तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. त्यांनी मिस्त्रीला खुर्ची दिली. मला दिली नाही.

"कल्याणला काय काम केलंस?"

"टावरमदी. बाथरूम."

"जमिनी?"

"नाय. भिंती. चार वरसं नुस्त्या भिंती."

"लादीच्या मागं सिमेंटचा माल कसा लावतोस?"

"पाच गोळे. चार कोपऱ्यांना चार, मधी एक. चिकटली काय सोडतच नाय."

"बरोबर हाय," साहेब म्हणाले. "आता मना सांग, भिंतीवर कोण चालतंय?"

मिस्त्रीनं मनापासून विचार केला. "पाल."

"आन् हितं?"

मिस्त्रीनं खाली बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खाली. साहेबांनी त्याच्या हातात काठी दिली. त्यानं स्वतःच एका गोलावर टेकली, शेजारच्या भरीव लादीवर टेकली, पुन्हा गोलावर टेकली. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. पाच गोळ्यांच्या मधली सगळी जागा रिकामी होती. कुणीतरी कधीतरी त्याला भिंत शिकवली होती आणि जमीन शिकवायची राहिली होती.

मला ओरडायचं होतं. चांगली लांबलचक वाक्यं तयार होती. साहेब म्हणाले, "तू गप ऱ्हा. ह्यानं फसवलं नाय. ह्याला ठावंच नव्हतं. फसवणाऱ्याला मी वळखतो, तो आधी आवाज चढवतो."

एकतीस लाद्या तीन दिवसांत होण्यासारख्या नव्हत्या. माल धरायला दोन दिवस लागतात, आणि निम्मी खोली आधीच रुखवत, भांडी आणि तांदळाच्या गोणींनी भरलेली. साहेबांनी हिशेब मांडला. खोलीच्या बरोबर मध्ये, उखळाच्या जागी, तीन ओळी गुणिले तीन, नऊ लाद्या उचलायच्या. बाकीच्या लग्नानंतर. लाद्या उचलताना एकही फुटली नाही. पोकळ कामाचा तेवढा फायदा! मिस्त्रीनं खाली मालाचा सलग थर दिला, लादी ठेवली, रबरी हातोड्यानं ठोकली, आणि दर लादीला मान वर करून साहेबांकडे बघितलं. साहेब काठी टेकायचे. ठक. "पुढची." संध्याकाळी शेवटची नववी ठक निघाली तेव्हा मिस्त्री जमिनीवरच बसला. त्याचा शर्ट पिळला असता तर कळशी भरली असती.

बायको परत आली आणि तिनं गोल बघितले. त्यानंतर जे झालं ते मी लिहीत नाही. एवढंच, की फडकं घेऊन ती गोल पुसायला बसली, तेव्हा साहेब दारातून म्हणाले, "पुसू नको गो. कुठं पाय जोरात द्यायचा नाय, ते दिसू दे." शेवटी तिनं प्रत्येक गोलाभोवती रांगोळीच्या पाकळ्या काढल्या. मुरबाडच्या बायका आल्या त्या आधी रांगोळीचं कौतुकच करत बसल्या.

हळदीच्या दुपारी उखळ गोणपाटावर, नऊ लाद्यांच्या बरोबर मध्ये ठेवलं. पाच मुसळं उठली. आत्यानं सूर लावला आणि कौलं थरथरली. आम्ही पुरुष दारात. साहेबांना उंबऱ्याच्या आत खुर्ची, आणि त्यांच्यामागे मिस्त्री. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो धसईहून आला होता, नव्या शर्टात. एकेक घाव पडत होता आणि मिस्त्रीचे ओठ हलत होते. तो मोजत होता की प्रार्थना करत होता, कोण जाणे. मुलगी पाटावर मान खाली घालून बसलेली. तिला लाद्यांचं काही माहीत नव्हतं.

नऊ लाद्यांनी दगा दिला नाही. हळकुंडांचा भुगा होत आला. मी श्वास सोडला.

आणि आत्याला रंग चढला. ती कुटणाऱ्यांत नव्हती, भिंतीकडे उभी राहून गात होती. डोळे मिटलेले. एका बाईचे हात दुखले म्हणून तिनं मुसळ आत्याकडे दिलं. आत्या उखळाकडे गेलीच नाही. जागेवरच मुसळानं जमिनीवर ताल धरला. धप. धप. तिसऱ्या 'धप'ला रांगोळीच्या एका फुलातून आवाज आला. तड्.

आत्याला ऐकू आलं नाही, ती वरच्या पट्टीत होती. पण मी बघितलं. मिस्त्रीनं बघितलं. लादीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळी रेघ पळत गेली होती, आणि मुरबाडची एक म्हातारी मान उंचावून बघायला लागली होती, आवाज कुठून आला म्हणून. गाणं अडखळलं. आत्यानं डोळे उघडले. मुसळ वरच होतं.

साहेब खुर्चीतून कधी उठले मला कळलं नाही. दोन पावलांत ते तिथं होते. हातातली काठी त्यांनी पुरती वर उचलली आणि पितळी टोपणानं त्या लादीवर अशी आदळली, की लादीचे चार तुकडे झाले.

"माझी काठी पडली," साहेब म्हणाले.

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या.

मग आत्या उसळली. "काय हो साहेब! लग्नघर हाय का धरान हाय? पोरीची हळद चाललीय आन् तुमी लाद्या फोडताव? ठेवा ती काठी भायेर!" मुरबाडची म्हातारी पदरात हसली. "आमच्याकडं पण असा एक म्हातारा हाय," ती शेजारणीला म्हणाली, "पण त्याला आमी हळदीत येऊ देत नाय." बायका खळखळून हसल्या. साहेब शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. काठी मिस्त्रीच्या हातात देऊन ते बाहेर मांडवात जाऊन बसले. आत गाणं पुन्हा उठलं, आणि पाटावर माझी मुलगी हसत होती.

मिस्त्रीचे डोळे भरले होते. तो साहेबांच्या मागे गेला आणि काहीतरी बोलायला वाकला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं मात्र, तो तसाच सरळ झाला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला.

लग्नानंतर आठव्या दिवशी मिस्त्री न बोलावता आला आणि उरलेल्या बावीस लाद्या उचलून बसवून गेला. फुटलेल्या जागी जोडीची लादी शोधायला तो तीन दुकानं हिंडला होता. आता मुरबाडपासून शेणव्यापर्यंत त्याला हाका येतात, आणि काम संपलं की मालकाच्या हातात तो स्वतःच काठी देतो. "ठोकून बगा. मंगच मना चहा द्या."

मी एकदाच विषय काढला. पारावर आम्ही दोघंच होतो. "साहेब, त्या दिवशी तुम्ही..."

"काठी पडली," ते म्हणाले, आणि शेजारी ठेवलेल्या कलिंगडावर बोट मारायला लागले.

साहेब गेल्या वर्षी गेले. दिवस झाल्यावर मी काकीकडे गेलो होतो. तिनं लाल पुठ्ठ्याची वही माझ्यापुढे ठेवली. "मना वाचता येत नाय. बग तुज्या घराचं काय लिवलंय."

मी पानं उलटली. पेंडवाल्याचा बंगला. सही. दुकानाचा ओटा. सही. शाळेचा व्हरांडा. सही. मग आमचं घर. लाद्या अठ्ठेचाळीस, भरीव सतरा, पोकळ एकतीस. पैकी नऊ पुन्हा बसवल्या, आता भरीव. खाली ती ऐटदार सही. त्याच्याखाली हळदीच्या दिवसाची तारीख आणि एकच ओळ, नेहमीपेक्षा बारीक अक्षरात. 'तेविसावी लादी. काठी पडून फुटली.'

त्या ओळीखाली सहीची जागा कोरी होती. तिथं शाईचा एक ठिपका होता. पेन टेकवून उचलल्यावर राहतो तेवढा.

काकी माझ्या खांद्यावरून बघत होती. अक्षर येत नसलं, तरी नवऱ्याची सही तिला डोळे मिटूनही ओळखता आली असती.

"हितं सही ऱ्हायली रं ह्यांची," ती म्हणाली.

"राहू दे काकी," मी म्हणालो, आणि वही मिटली.